फाटकाकडे अकरा वेळा

कंडक्टरकाका निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, पण त्यांच्या अंगातली बस काही डेपोत जायला तयार नव्हती. घरी पाहुणे आले की ते दारात उभं राहून म्हणायचे, "चला, आत सरका, मधे उभे राहू नका." कुणी निरोप घेऊन निघालं की दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करायचे. एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. व्याहीबुवा एकदा चप्पल शोधत बसले होते आणि काकांनी तीनदा डबल बेल मारली, तेव्हापासून ते जरा कमीच येतात.

शेवटी सूनबाईंनीच विषय काढला. "बाबा, घरातल्या घरात फेऱ्या मारून फरश्या झिजवताय. कोपऱ्यावरच्या बालवाडीत माणूस पाहिजे आहे."

"बालवाडीला माणूस कशाला? तिथे मुलं लागतात."

"दारावर उभा राहायला."

दार म्हटल्यावर काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "किती सीट आहेत?"

"चोवीस."

"चोवीस! म्हणजे मिनीबस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काका इस्त्री केलेला सदरा घालून हजर.

बालवाडी म्हणजे लॉन्ड्री आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधोमध दाबून बसवलेली बैठी इमारत. दोन खोल्या, एक लांबट पडवी, पडवीच्या भिंतीला माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर खुंट्या आणि त्याहून खाली नळ. लोखंडी फाटकाची कडी तेवढी वर होती, मुलांचा हात पोचू नये म्हणून. मोठ्या माणसाला तिथे पाच मिनिटांत आपण उगाच वाढलो असं वाटायला लागायचं. बाई, म्हणजे तिथल्या शिक्षिका, वीस वर्षं त्या खोल्यांत वाकून वाकून चालत होत्या. बाजारातसुद्धा त्या तशाच चालतात असं लोक म्हणायचे.

त्याच वर्षी तिथे एक नवा कार्यक्रम आला होता. तो चालवायला आरोग्य खात्यातून सोमवारी आणि गुरुवारी एक ताई यायच्या. मनाच्या शास्त्राची पदवी, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी, आणि वय असं की काकांनी त्यांचा कॉलेजचा पास तपासल्याला फार दिवस झाले नसावेत. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांना समजावलं. "काका, आजारी पडल्यावर डॉक्टर आहेतच. मन आजारी पडलं तरी आहेत. आपलं काम त्याच्या खूप आधीचं आहे. मूल तीन-चार वर्षांचं असतानाच त्याला राग आला, भीती वाटली, रडू आलं, तर ते कुणाला तरी सांगता येतं, हे त्याला कळलं पाहिजे. म्हणजे पुढचं पुष्कळ टळतं."

काकांनी विचार केला. "ब्रेक फेल व्हायच्या आधी गाडी मिस्त्रीला दाखवायची."

"अगदी तसंच."

"मग असं सरळ सांगा की हो."

तीन दिवस प्रशिक्षण झालं. त्यात काका मुलांच्या खुर्चीवर बसले आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. दारावरच्या माणसाचं काम असं ठरलं: मूल आलं की त्याच्या उंचीएवढं खाली बसायचं. त्याला विचारायचं, हात मिळवायचा, टाळी द्यायची की नुसतंच आत जायचं? ते म्हणेल तसं. मग त्याच्या हातात त्याचा चिमटा द्यायचा. चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटाच, पण प्रत्येकावर एक चित्र. मुलांना वाचता येत नाही म्हणून नावाऐवजी चित्र: मासा, किल्ली, बादली, बदक, छत्री. पस्तीस वर्षं माणसांना त्यांच्या थांब्यावरून ओळखणाऱ्या काकांना हे फारच सोयीचं पडलं. चार दिवसांत ते मुलांची खरी नावं विसरलेसुद्धा.

पडवीच्या भिंतीवर पाच कागदी ताटल्या टांगल्या होत्या. एक हसरी, एक रडकी, एक रागावलेली, एक घाबरलेली आणि पाचवीला तोंडच काढलेलं नव्हतं, ज्याला आपल्याला काय होतंय ते ठाऊक नाही त्याच्यासाठी. मुलाने येताना आपला चिमटा हव्या त्या ताटलीला लावायचा. बाईंनी तिथे एक नजर टाकली की आज कुणाला जवळ बसवायचं ते त्यांना कळायचं. साधीच युक्ती, पण चालायची.

काका येईपर्यंत चालायची.

झालं असं, की पहिल्याच आठवड्यात एकदा बादलीने रडक्या ताटलीला चिमटा लावला. त्याचं पाळलेलं कासव हरवलं होतं. (ते दोन दिवसांनी कपाटाखाली सापडलं, आणि त्याला काहीच वाटलेलं नव्हतं.) प्रशिक्षणात सांगितलं होतं की अशा मुलाजवळ शांत बसून राहा. काका बसले, पण शांत बसणं हा प्रकार त्यांना जन्मात जमलेला नव्हता. त्यांनी बादलीला मांडीवर घेतलं, गुडघे हलवायला सुरुवात केली, तोंडाने इंजिन चालू केलं, गिअर टाकला, खड्ड्यात एक आपटी दिली आणि ‘टिंग टिंग’ करून गाडी सोडली. बादली रडायचा थांबला. पडवीत उभी असलेली बाकीची मुलं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी रडक्या ताटलीला तीन चिमटे. तिसऱ्या दिवशी सात. पुढच्या आठवड्यात तर मुलं फाटकातूनच ओरडत यायची, "आजोबा, आज मी पण रडका!" आणि खिदळत खिदळत चिमटा लावून रांगेत उभी राहायची. गुरुवारी ताटली वजनाने खिळ्यावरून सुटून खाली पडली. तिच्यावर बावीस चिमटे होते.

वेळ सांगून येत नाही म्हणतात. ती त्याच गुरुवारी आली. ताईंबरोबर त्यांच्या वरच्या मॅडम कार्यक्रम बघायला आल्या होत्या. मॅडमनी ताटली उचलली, चिमटे मोजले, पुन्हा मोजले.

"चोवीस मुलांपैकी बावीस मुलं दुःखी आहेत?"

"एक तापाने घरी आहे मॅडम," काका मदतीला धावले, "नाहीतर तेवीस झाली असती."

काकांच्या मांडीवरचं बदक त्या वेळी खो खो हसत होतं. मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "हा मुलगा तर हसतोय."

"तो रडक्यातला आहे मॅडम. आता जरा चढण लागलीय."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. ताईंचे कान मात्र लाल झाले. सगळे गेल्यावर त्या काकांसमोर खुर्ची घेऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. ओरडा खायची त्यांना सवय होती. पण ताई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, दुःखी झाल्याशिवाय मांडी मिळत नाही, असं शिकवलंत तुम्ही त्यांना."

ते वाक्य काकांच्या छातीत रुतलं. दुसऱ्या दिवसापासून बसची वेळ ठरली: रोज पावणेदहा, सगळ्यांसाठी, चिमटा कुठेही असो. ताटल्या पुन्हा खऱ्या बोलू लागल्या. पण काकांची पत जी गेली ती गेली. आता त्यांनी "आज किल्ली जरा गप्प वाटते" असं म्हटलं की बाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

पण काकांच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. बावीस रडक्यात, एक तापात. मग चोविसावं कोण? चोविसावा चिमटा त्या दिवशी हसऱ्या ताटलीला एकटाच लटकत होता, आणि तो छत्रीचा होता. फुकटची फेरी असताना जे मूल रांगेत उभं राहत नाही, त्याचं काय असतं?

छत्री चार वर्षांची होती. वेणी एकीकडे जाड, एकीकडे बारीक, म्हणजे घालणाऱ्याचा हात पोचत नसावा. फ्रॉकची बटणं एक घर चुकलेली. ती यायची ती पुढे, आणि तिचं दप्तर हातात धरून तिची आई चार पावलं मागे, जणू आईलाच कुणीतरी शाळेत पोचवत आहे. आत आली की छत्री आपली बाटली खुंटीला अडकवायची, मग शेजारच्याचीही. पाणी सांडलं की फडकं हिच्या हातात. बदक एकदा हिच्या दंडाला चावला, तर हिने त्यालाच समजावलं, "लागलं नाही, लागलं नाही." आणि रोज चिमटा हसऱ्या ताटलीला.

"अशा चोवीस छत्र्या द्या मला," बाई म्हणायच्या, "वर्षभर खुर्चीत बसून स्वेटर विणते."

काकांना मात्र तिच्याकडे बघून बसमधलं काहीतरी आठवत होतं. एक दिवस पडवी झाडता झाडता ते सापडलं. बिनतिकिटाचा नवखा माणूस लगेच ओळखू येतो. तो चुळबुळतो, कंडक्टर जवळ आला की खिडकीतून उडी मारल्यासारखा बाहेर बघतो. मुरलेल्याचं तसं नसतं. तो म्हाताऱ्यांना जागा देतो, पुढच्याची पिशवी वर ठेवतो, कंडक्टरला नमस्कार करतो. सगळ्या बसमध्ये शहाणा प्रवासी तोच, कारण आपल्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहू नये एवढंच त्याला हवं असतं.

"ही कसलं तरी ओझं तिकिटाशिवाय नेते आहे," काका झाडूला म्हणाले.

तेव्हा नेमकं एक प्रकरण चाललं होतं. ताई एक छोटा गट सुरू करणार होत्या. सहा मुलं आणि प्रत्येकाबरोबर त्याची आई किंवा बाप. बारा गुरुवार, जमिनीवर बसून एकत्र खेळायचं, आणि खेळता खेळता मोठ्यांनीही मनातलं बोलायचं. चावणारं बदक, डोकं आपटणारा उंट, किंचाळणारी किल्ली, अशी पाच नावं झाली होती. सहावी जागा रिकामी होती. यादी येत्या शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होती, आणि जागा भरली नाही तर ती दुसऱ्या बालवाडीला जाणार होती.

सोमवारी काकांनी ताईंना पडवीत गाठलं. "सहावी सीट छत्रीला द्या."

"छत्री? काका, ती तर सगळ्यांत ठीक आहे. रोज हसऱ्याला चिमटा लावते."

"म्हणून तर म्हणतोय."

ताईंच्या डोळ्यांसमोर बावीस चिमटे तरळून गेलेले काकांना स्पष्ट दिसले. "तुम्हाला तसं वाटतंय," त्या सांभाळून म्हणाल्या. "पण वाटणं फॉर्मवर लिहिता येत नाही ना काका. काय दिसलं, ते सांगा. फक्त दिसलं ते."

दिसलं ते! पस्तीस वर्षं काकांनी दुसरं काय केलं होतं? कंडक्टर प्रत्येक थांब्यावर वेबिल भरतो. किती चढले, किती उतरले, किती वाजता. तिथे ‘मला असं वाटतं’ लिहायला रकानाच नसतो. घरच्या माळ्यावर कोऱ्या वेबिलांचा एक गठ्ठा होता, तो काकांनी तेवढ्यासाठी खाली काढला. सूनबाईंनी शिडी धरली आणि विचारलं, "बाबा, पुन्हा भरती झालात की काय?"

"एकाच प्रवाशासाठी," काका म्हणाले.

गुरुवारी ताईंच्या हातात दोन दिवसांचे कागद पडले. ठसठशीत अक्षर, प्रत्येक ओळीला वेळ.

"मंगळवार. ९.०४ आली. आई चार पावलं मागे. आईच्या पायांत दोन वेगळ्या चपला. ९.२० बादलीकडून पाणी सांडलं. छत्रीने पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं. ९.४५ बसचा खेळ. आली नाही. फाटकाकडे पाहिलं. १०.१५ केळं. अर्धं खाल्लं, अर्धं रुमालात बांधलं. कुणाला, विचारलं. आईला, म्हणाली. १०.४० बाहुलीचा खेळ. बाहुलीला झोपवलं, पुष्कळ वेळ उठवलं. बाहुली उठेना. दुसऱ्या मुलीने बाहुली मागितली, लगेच दिली. दिवसात फाटकाकडे पाहिलं: ११ वेळा."

बुधवारी पुन्हा अकरा.

ताईंनी कागद एकदा वाचले, मग पिशवी खाली ठेवून पुन्हा वाचले. "घरी जायची वेळ झाली का, म्हणून बघत असेल?"

"बाकीची तशीच बघतात. त्यांच्या माना बारा वाजायला आले की वळतात. हिची नऊपासून वळते. आणि आई आली ना, की मग ही फाटकाकडे बघत नाही, आईकडे बघते. वरपासून खालपर्यंत. ड्रायव्हर गाडी ताब्यात घेताना टायरला लाथ मारून बघतो ना, तसं."

ताईंनी कागद जपून पिशवीत ठेवले. मग म्हणाल्या, "माझ्या नजरेतून सुटली ही." आणि नंतर, "सॉरी काका."

"सॉरी कसलं! बावीस खोटे रडके तयार केल्यावर खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

पण अर्धीच वाट झाली होती. फॉर्मवर आईची सही हवी होती. वडील दूर बांधकामावर होते, पंधरा-पंधरा दिवस यायचे नाहीत. त्या दुपारी ताई छत्रीच्या आईशी बोलायला गेल्या. आईने सगळं ऐकून घेतलं, ताईंच्या खांद्यामागे कुठेतरी बघत. मग म्हणाली, "ती छान आहे. बाईसुद्धा म्हणतात, शहाणी आहे. आमच्याकडे वेडं कुणी नाही." आणि मुलीचा हात धरून निघून गेली. दोघींत कोण कुणाला नेत होतं, ते पाठमोरं काही कळत नव्हतं.

शुक्रवार हा ताईंचा वार नव्हता. जाताना त्यांनी फॉर्म काकांच्या हातात दिला. "पुन्हा एकदा विचारून बघा. पण काका, जबरदस्ती नको. सही त्यांची पाहिजे, तुमच्या आग्रहाची नको."

काकांनी सकाळी सूनबाईंसमोर भाषणाची तालीम केली. सूनबाईंनी दोनदा ऐकून सांगितलं, "बाबा, हे ऐकून मी तर चालत्या बसमधून उतरले असते."

शुक्रवारी बारा वाजले. मुलं गेली. सव्वाबारा झाले, बाईही गेल्या. पडवीतल्या बुटक्या बाकावर छत्री दप्तर पाठीला लावून बसली होती. काका फाटकाशी उभे.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही जा घरी. मी थांबते."

चार वर्षांचं मूल त्यांना सुट्टी देत होतं. गुडघ्यांची कुरकुर ऐकत ते तिच्याजवळ जमिनीवर बसले. "मी पण थांबतो. मला घरी काम नाही."

"आई झोपली असेल," छत्री म्हणाली. "सकाळी मी उठवते तिला. पण आत्ता मी इथे आहे ना. मग कोण उठवणार?"

काकांनी इंजिन सुरू केलं नाही, गिअरही टाकला नाही. ते नुसते बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते जमलं.

साडेबारा उलटून गेल्यावर आई धावत आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. येता येताच ती माफी मागत होती. काकांची, फाटकाची, लॉन्ड्रीवाल्याची, जो समोर दिसेल त्याची. छत्री उठली. तिने आईला खालीवर पाहिलं, दप्तरातून रुमाल काढला, अर्धं केळं पुढे केलं. "खा."

आणि आईने ते तिथेच, फाटकात उभं राहून खाल्लं. मुलगी समोर उभी राहून शेवटचा घास संपेपर्यंत बघत होती.

काकांचं भाषण कुठल्या कुठे गेलं. जे तोंडात आलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"माझा मुलगा असाच शहाणा होता," ते म्हणाले. "शेजारीपाजारी कौतुक करायचे. मी कुठे घरी असायचो? पहाटेची पहिली गाडी, रात्रीची शेवटची. त्याची आई तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायची, महिने महिने. ताप नाही, खोकला नाही. मला वाटायचं, आळस आहे. मुलगा पाच वर्षांचा, स्टुलावर चढून चहा करायचा तिच्यासाठी. मी डेपोत सांगायचो, काय गुणी पोर आहे माझं! आता चाळिशीचा आहे तो. अजून काही दुखलं तर सांगत नाही. परवा दाढ दुखत होती; गाल फुगून लिंबाएवढा झाला तेव्हा सुनेला कळलं."

आई हातातल्या केळ्याच्या सालीकडे बघत होती.

"तुम्हाला मी काही शिकवत नाही. मला काही येत पण नाही. फक्त, ही इथे असताना रोज फाटकाकडे बघते. मोजलंय मी. अकरा वेळा. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसतं, म्हणून सांगतो."

छत्रीच्या आईने बाकाला हात लावून पाहिला आणि त्या मुलांच्या बाकावर बसली. गुडघे छातीशी आले. "डोळे उघडले की छातीवर कुणीतरी बसलेलं असतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, हीच चढून बसलीय. हात लावून बघते, तर ही नसते. ही तिकडे भांडी लावत असते." मग केळ्याची साल मुठीत धरून, "तिथे काय करावं लागतं?"

"जमिनीवर बसून खेळायचं."

"मला खेळता येत नाही हो आता."

"मला तरी कुठे येतं? माझ्या खेळाने बावीस पोरं रडकी झाली." आणि काकांनी ताटली खाली पडल्याची गोष्ट सांगितली, मॅडमच्या चष्म्यासकट. आई पूर्ण हसली नाही, पण हसू ओठापर्यंत येऊन उंबऱ्यावर उभं राहिलं. आत सरका, असं काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं.

सही झाली. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून छत्रीने त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले होते, त्यामुळे आडनाव तिच्या बोटांना वळसा घालून गेलं.

फॉर्म घेऊन काका बसने ताईंच्या ऑफिसला गेले. रिकामी जागा असून दारातच उभे राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाला आत सरकवलं. खरा कंडक्टर शेवटी म्हणाला, "काका, गाडी माझी आहे." पावणेपाचला फॉर्म टेबलावर होता.

पुढचं सगळं एका रात्रीत झालं असं कुणी समजू नये. पहिले दोन गुरुवार छत्रीची आई भिंतीला पाठ लावून बसली आणि छत्री सगळ्यांचे ठोकळे आवरत राहिली. तिसऱ्या गुरुवारी बदकाची आई रडली, तेव्हा छत्रीच्या आईने तिला पाणी दिलं आणि पाणी देता देता स्वतःही बोलली. ताईंनी छत्रीच्या आईला डॉक्टरांकडे नेलं. तिची थोरली बहीण महिनाभर येऊन राहिली. ती मावशी फाटकातूनच सगळ्यांना हुकूम सोडायची, आणि काका तिला जरा घाबरूनच असायचे. आठव्या गुरुवारी छत्रीच्या दोन्ही वेण्या सारख्या होत्या.

दहाव्या गुरुवारी गट सुटला तेव्हा छत्रीच्या हातात लाल ट्रक होता. आई म्हणाली, "ठेव आता, घरी जाऊ."

"नाही."

"अगं, उद्या खेळ."

"नाही!" आणि छत्री पडवीत आडवी झाली. तिने पाय झाडले, फरशीवर मुठी आपटल्या आणि असा काही टाहो फोडला की लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला. एक बूट उडून काकांच्या पोटाला लागला.

बाई धावत आल्या. "कोण, किल्ली का?" मग त्यांना दिसलं. "छत्री?"

आई लाजेने लाल झाली होती. "ही अशी कधीच करत नाही हो. कधीच नाही. काय झालं हिला आज!"

काका बूट छातीशी धरून उभे होते आणि त्यांचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं. ताई पलीकडे दाराला टेकून उभ्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि घाईघाईने पिशवीत रुमाल शोधायला लागल्या.

"करू दे," काका म्हणाले. "करू दे तिला. चांगला दणदणीत आवाज आहे."

आई क्षणभर घुटमळली. मग बटवा बाजूला ठेवून ती मुलीशेजारी फरशीवर बसली. तिने ट्रक ओढला नाही, दटावलं नाही. "मी इथेच आहे," एवढंच म्हणाली. "रड तू." वीस मिनिटं. मधे बादली येऊन छत्रीच्या डोक्याशी उकिडवा बसला, आणि अनुभवी माणसाच्या सुरात त्याने विचारलं, "कासव हरवलं?" छत्रीने त्यालाही लाथ मारली.

शेवटी आवाज बसला, हुंदके उरले. छत्रीने हात वर केले. "उचल मला."

"मोठी झालीस गं तू."

"उचल!"

आईने उचललं. ओझं बरंच होतं. एका बाजूला झुकत, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा असलेली मुलगी कडेवर घेऊन ती फाटकातून बाहेर पडली. सायकलच्या दुकानापुढे गेल्यावर काकांना आपल्या हातातला बूट दिसला.

"अहो, बूट! बूट राहिला!" ते पळत निघाले, पण गुडघ्यांनी दुसऱ्याच पावलाला संप केला. आईला ऐकू गेलं नाही. छत्रीने मात्र आईच्या खांद्यावरून मान वर काढली, बूट हलवत उभ्या असलेल्या काकांकडे लाल लाल डोळ्यांनी नीट पाहिलं, आणि त्यांना जीभ काढून दाखवली.